काचेचा हौद आणि आपलें खारपाण : पाणी, प्रकाश व खत यांचा एक धडा

आपल्या मासिकांत कापूस, तूर, हरभरा व संत्रा यांवर लेख येत असतात. अशा ठिकाणीं काचेच्या हौदांत पाणवनस्पती व मासे पाळण्याची गोष्ट काढली, तर कित्येक वाचक म्हणतील कीं, हा शहरी लोकांचा नाद आहे, शेतकऱ्याला त्याचें काय? दोन वर्षांपूर्वीं आमचेंही मत असेंच होतें. परंतु ह्या हौदानें आम्हांला जें दाखविलें, तें तीस वर्षें महसुलाच्या दप्तरांत खारपाण गांवांचे कागद लिहितांनाही आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आमच्या धाकट्या बंधूंचें एक शेत त्यामुळें बिघडतां बिघडतां वांचलें. म्हणून हा धडा शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

१. आमची पहिली चूक

पूर्णा नदी सातपुड्यांत उगम पावते व अमरावती, अकोला, बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर खोल काळ्या मातीचा जो सपाट मुलूख आहे, त्याच्या पोटांतील पाणी खारें आहे. सुमारें नऊशें गांवें ह्या खारपाण पट्ट्यांत मोडतात. आमचें गांव दर्यापूर तालुक्याच्या अंगास असून ह्याच पट्ट्यांत येतें.

आम्ही नोकरींतून मोकळे झाल्यावर नातवाच्या हट्टासाठीं १०० लिटरांचा काचेचा हौद घरीं आणिला. तळाशीं धुतलेली वाळू घातली, पाणवनस्पतींच्या काड्या रोविल्या, गप्पी मासे सोडले व अंगणांतील बोअरचें पाणी भरलें. झाडांना खत हवेंच, ह्या शेतकरी बुद्धीनें चिमूटभर युरियाही टाकिला. चौथ्या दिवशीं सकाळीं मासे उलटे तरंगत होते. तीन आठवड्यांत अर्ध्याहून अधिक पानें कुजून गळालीं. नातू दोन दिवस आमच्याशीं बोलला नाहीं. ह्यांत दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता, अज्ञान आमचेंच होतें. तेव्हां आम्हीं त्या पाण्याची बाटली भरून तपासणीस पाठविली.

२. तपासणीची चिठ्ठी कशी वाचावी

चिठ्ठीवर बरेच आंकडे असतात, परंतु शेतकऱ्यानें तीन नीट पाहिले तरी पुष्कळ आहे.

पहिला आंकडा विद्युतवाहकतेचा. पाण्यांत क्षार जितके अधिक तितकी वीज त्यांतून सुलभपणें वाहते. अमेरिकेंतील रिव्हरसाइड येथील क्षार-संशोधन शाळेनें १९५४ सालीं जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तिच्याप्रमाणें ०.२५ पर्यंत पाणी उत्तम, ०.७५ पर्यंत मध्यम, २.२५ पर्यंत खारें व त्यापुढें अति खारें समजावें. आमचा आंकडा २.९ आला. ह्या आंकड्यास ६४० नें गुणिलें असतां एका लिटरांत किती मिलिग्रॅम क्षार आहेत, त्याचा अजमास निघतो. आमच्या पाण्याच्या एका लिटरांत सुमारें १.९ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरांच्या हौदांत सुमारें १९० ग्रॅम क्षार होते.

दुसरा आंकडा सामूचा. ७ हा मध्य. त्याखालीं पाणी आम्ल, त्यावर विम्ल. आमचा सामू ८.६ होता. आपल्याच वऱ्हाडांतील लोणारच्या सरोवराचा सामू १० च्या आसपास असतो. तेथें साधीं पाणझाडें वाढत नाहींत, सूक्ष्म निळीं-हिरवीं शेवाळें मात्र वाढतात. २०२० सालच्या जून महिन्यांत तेथील पाणी गुलाबी झालें, तेंही क्षारांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळेंच.

तिसरा आंकडा काढावा लागतो. कार्बोनेट व बायकार्बोनेट यांची बेरीज करावी आणि तींतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा करावी. सर्व आंकडे मिलिइक्विव्हॅलंट ह्या एकाच मापांत असावेत. बाकी १.२५ च्या आंत असेल तर पाणी ओलितास निर्धोक, १.२५ ते २.५ संशयित व २.५ च्या वर अयोग्य. आमची पहिली बेरीज ११ व दुसरी ४ होती, म्हणून बाकी ७ उरली. ह्याचा अर्थ असा कीं, अशा पाण्यांतील कॅल्शियम चुन्याच्या रूपानें खालीं बसतो व सोडियम मागें मोकळा राहतो.

येथें एक फसगत सांगितली पाहिजे. आपल्याकडे साबणाला फेंस येतो तें पाणी चांगलें, असें मानितात. फेंस मारितात ते कॅल्शियम व मॅग्नेशियम. ज्या पाण्यांत ते थोडे व सोडियम बायकार्बोनेट फार, त्यांत फेंस बरा येतो, तरी तें पाणी काळ्या मातीचा नाश करितें. उलट खडकाळ भागांतील विहिरींचें पाणी जड असतें, भांड्याला पापुद्रा धरितें, परंतु त्यांतील कॅल्शियम मातीस मानवतो. म्हणून फेंसावर विसंबूं नये, चिठ्ठीवर विसंबावें.

३. पाणी उडतें, मीठ राहतें

वैशाखांत आमच्या उघड्या हौदांतून आठवड्यास सुमारें १० लिटर पाणी उडून जाई. आम्ही तितकेंच बोअरचें पाणी वर ओतीत असूं. हौद नेहमीं भरलेला दिसे, म्हणून आम्ही समाधानांत होतों. नंतर एके दिवशीं कागद घेऊन हिशेब मांडिला. दहा आठवड्यांत १०० लिटर पाणी उडालें व १०० लिटर ओतिलें. उडालें तें निव्वळ पाणी, ओतिलें त्याबरोबर मात्र १९० ग्रॅम क्षार आले. म्हणजे पाणी तेवढेंच असून क्षार दुप्पट झाले!

हा हिशेब मांडतांना आमच्या डोळ्यांपुढें हौद नव्हता, शेत होतें. शेतांत बोअरचें पाणी दिलें कीं पीक व ऊन मिळून पाणी उडवितात आणि क्षार मातींत राहतात. ज्या मातींतून पाण्याचा निचरा नाहीं, तेथें ते जाणार कोठें? हौदाला निदान कांच आहे म्हणून कडेची पांढरी रेघ दिसते. शेतांतील रेघ दिसूं लागेपर्यंत वर्षें निघून जातात.

सोडियम मातीस काय करितो, हें घरच्या घरीं पाहतां येतें. शेतांतील मातीचीं वाळलेलीं ढेकळें दोन बाटल्यांत सारखीं घालावींत. दोन्हींत पावसाचें स्वच्छ पाणी भरावें. एकींत चमचाभर जिप्सम टाकावें. दोन्ही हलवून रात्रभर ठेवाव्यात. जिप्समच्या बाटलींतील पाणी निवळलें व दुसरीतील गढूळच राहिलें, तर मातींत सोडियम अधिक झाला आहे असें समजावें. सोडियममुळें मातीचे कण एकमेकांस सोडतात, छिद्रें बुजतात व पाणी मुरत नाहीं. कॅल्शियम कणांस पुन्हा एकत्र आणितो. म्हणूनच खारपाणांत जिप्सम देण्याची शिफारस केली जाते. परंतु जिप्समनें सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खालीं वा चरांतून बाहेर गेला पाहिजे. निचऱ्यावांचून जिप्सम म्हणजे अर्धेंच औषध होय.

हौदांत मात्र जिप्सम घालून खारेपण जात नाहीं, उलट क्षारांत भर पडते. तेथें उपाय एकच, तो म्हणजे गोडें पाणी मिसळणें. आम्हीं पत्र्यावरील पावसाचें पाणी टांकींत धरिलें व तीन भाग पावसाचें, एक भाग बोअरचें असें मिश्रण केलें. विद्युतवाहकता सुमारें ०.७३ वर आली. पुढें उडालेल्या पाण्याची भर केवळ पावसाच्या पाण्यानें केली. अमरावती शहरास अप्पर वर्धा धरणाचें व अकोल्यास काटेपूर्णा धरणाचें पाणी मिळतें. तेथील वाचकांनीं नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून मग वापरावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन बराच निघून जातो.

४. झाडांचें अन्न व सामू

पाण्यांतील झाडें कार्बन डायऑक्साइड वायु पाण्यांतूनच घेतात. बायकार्बोनेटचें प्रमाण तेंच ठेवून सामू एकानें वाढला, तर मोकळा वायु दहाव्या हिश्शावर येतो. सामू ७ असतां ३० मिलिग्रॅम असेल, तर ८ असतां ३ च मिलिग्रॅम उरतो. ह्यामुळें आमच्या वऱ्हाडी पाण्यांत नाजूक झाडें उपाशीं मरतात. बाजारांत मिळणारी काबोम्बा ही त्यांपैकींच. हायड्रिला व वॅलिस्नेरिया ह्या वनस्पती मात्र बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात. त्यांच्या पानांवर जो चुन्याचा पांढरा थर दिसतो, तो ह्याच क्रियेचा होय. शेतकरी जमीन पाहून वाण निवडतो, त्याप्रमाणें येथें पाणी पाहून झाड निवडावें. आम्हीं ह्या दोन जाती लाविल्या आणि पानांचें कुजणें थांबलें.

एक सूचना येथेंच करितों. हौदांतील वाढलेल्या काड्या नदींत वा तळ्यांत टाकूं नयेत, वाळवून खतांत घालाव्यात. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या जलपर्णीनें आपल्या देशांतील तळ्यांची व नद्यांची काय दशा केली, तें सर्वांस ठाऊक आहे.

५. प्रकाश

पाण्यांतील हिरवें पान उन्हांत बुडबुडे सोडतें व अंधारांत सोडीत नाहीं, हें यान इंगेनहाउस यानें १७७९ सालीं प्रसिद्ध केलें. तो बुडबुडा म्हणजे प्राणवायु. पुढें १८५० च्या सुमारास लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें मासे, गोगलगायी व वॅलिस्नेरिया एकाच हौदांत ठेवून त्यांचा परस्परांवर निर्वाह चालतो असें दाखविलें.

प्रकाश अधिक तितका चांगला, अशी समजूत चुकीची आहे. हौद पश्चिमेच्या खिडकींत ठेविला तर वऱ्हाडच्या उन्हानें पाणी तापतें. २० अंश सेल्सियसच्या पाण्यांत हवेंतून सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांस साडेसात व ४० अंशांस सुमारें साडेसहाच. मासा तर उष्म्यांत अधिक श्वास घेतो. शिवाय प्रकाश भरपूर आणि झाडें थोडीं असलीं कीं उरलेला प्रकाश शेवाळ खातें. म्हणून हौद भिंतीच्या सावलींत ठेवावा. वर पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा लावावा. आरंभीं लिटरामागें २० ल्युमेन, म्हणजे १०० लिटरांस २००० ल्युमेन पुरेत. दिवा रोज ठराविक वेळीं सहा ते आठ तास जळावा. वीज गेली तर एखाद्या दिवसानें झाडें मरत नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र दुप्पट वेळ दिवा ठेवून भरपाई करूं नये.

६. खत

युरियानें आमचे मासे कां मेले, तें आतां सांगतों. युरियाचा पाण्यांत अमोनिया होतो. तो दोन रूपांत असतो. एक रूप निरुपद्रवी, दुसरें विषारी, आणि कोणतें किती हें सामू ठरवितो. २५ अंश उष्णतेच्या पाण्यांत सामू ७ असतां विषारी भाग शेंकडा एकाहूनही कमी असतो. सामू ८ असतां तो सुमारें ५ होतो व ९ असतां सुमारें ३६. दिवसां झाडें कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळें दुपारीं सामू चढतो. म्हणजे सकाळीं जें खत सोसवतें, तेंच दुपारीं विष ठरतें. आमचें पाणी तर मुळांतच ८.६ चें.

अमोनियाचें नायट्राइट व त्याचें पुढें नायट्रेट करणारे जंतु वाळूंत वस्ती करितात, परंतु त्यांस चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत मासे सोडूं नयेत, झाडेंच वाढूं द्यावींत.

खत कोणतें द्यावें? ठिबकावाटे देण्याकरितां जीं विद्राव्य खतें कृषि सेवा केंद्रांत मिळतात, तींच येथें चालतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यांतील नत्र नायट्रेट रूपांत असल्यामुळें अमोनियाचें भय नाहीं. १०० लिटरांत एक ग्रॅम टाकिलें असतां लिटरामागें सुमारें ६ मिलिग्रॅम नायट्रेट व ४ मिलिग्रॅम पालाश मिळतें. ००:५२:३४ मधून स्फुरद मिळतें. १०० लिटरांस ग्रॅमचा दहावा हिस्सा, म्हणजे ०.१ ग्रॅम पुरे. ही मात्रा आठवड्यांतून एकदां द्यावी, आणि प्रत्येक आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून त्याच मिश्रणाचें ताजें भरावें, म्हणजे कांहींच फार सांचत नाहीं. काढलेलें पाणी कुंडीतील झाडांस घालावें. १९:१९:१९ वापरूं नये, कारण त्यांत युरिया व अमोनियाचा अंश असतो.

इतकें करूनही आमच्या हौदांतील नवीं पानें पिवळीं व शिरा तेवढ्या हिरव्या अशीं निघालीं. वरूड-मोर्शीकडील संत्रा बागाइतदारांस हें चित्र परिचयाचें आहे. चुनखडीच्या विम्ल जमिनींत लोह असून झाडास मिळत नाहीं, तसेंच पाण्यांत होतें. ईडीटीए रूपांतील लोह अशा पाण्यांत टिकत नाहीं, ईडीडीएचए रूपांतील टिकतें. त्याचा एखादा कणच पुरे, अधिक झाल्यास पाणी लालसर दिसतें. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यानें एकोणिसाव्या शतकांत जो नियम लोकांपुढें मांडला, तो हाच : पिकाची वाढ सर्वांत उण्या असलेल्या घटकावर अवलंबून असते. लोह उणें असतां नत्र वाढविलें तर झाड वाढत नाहीं, शेवाळ वाढतें.

७. हौदांतून शेततळ्याकडे

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्यानें शेततळ्यांत रोहू व कटला सोडले होते. वाढ लवकर व्हावी म्हणून त्यानें शेणखत व युरिया सढळ हातानें टाकिला. पाणी गर्द हिरवें झालें, तो आनंदला. श्रावणांत चार दिवस झड लागली. पांचव्या दिवशीं पहांटे मासे पृष्ठावर येऊन तोंडें उघडीत होते आणि सूर्योदयापर्यंत बहुतेक मेले. कोणीतरी विष टाकिलें, असा संशय घेऊन शेजाऱ्याशीं भांडणही झालें.

विष कोणीच टाकिलें नव्हतें. हिरवें पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. तें दिवसां उन्हांत प्राणवायु देतें, पण रात्रीं स्वतःच तो घेतें. आभाळ चार दिवस झांकलेलें असतां दिवसाची जमा थोडी व रात्रीचा खर्च तोच, म्हणून पहांटे शिल्लक शून्यावर आली. ज्यानें जमाखर्च लिहिला आहे, त्यास हें समजण्यास अडचण नाहीं.

ह्यावर खूण सोपी आहे. कोपरापर्यंत हात पाण्यांत उभा बुडवावा. वीतभर खोलीच्या आंतच तळहात दिसेनासा झाला, तर हिरवेपण फार झालें. मग खत व खाद्य बंद करावें, थोडें पाणी बदलावें व पहांटे पंप लावून पाणी फवाऱ्यानें तळ्यांतच परत पाडावें. झडीच्या दिवसांत खत मुळींच टाकूं नये.

८. बंधूंचा निर्णय

आतां आरंभीं सांगितलेली गोष्ट पुरी करितों. आमचे बंधु दोन हेक्टर हरभऱ्यासाठीं नवी बोअर पाडण्याच्या तयारींत होते. कर्जाचे कागदही झाले होते. आम्हीं पुष्कळ सांगितलें, पण त्यांचें एकच म्हणणें, “दादा, पाणी तें पाणी. न मिळण्यापेक्षां खारें बरें.” तेव्हां आम्हीं त्यांस हौदाजवळ बसविलें, कांचेवरील पांढरी रेघ दाखविली व दहा आठवड्यांचा हिशेब त्यांच्याच हातून मांडविला. मग त्यांच्या शेतांतील मातीच्या दोन बाटल्या करून रात्रभर ठेविल्या. सकाळीं ते बाटल्यांपुढें बराच वेळ उभे राहिले. जिप्समची बाटली निवळली होती, दुसरी शाईसारखी होती. बोअर न देतांच माती ह्या स्थितीला आली आहे, तर बोअरनंतर काय होईल, हें त्यांस सांगावें लागलें नाहीं.

त्यांनीं बोअर सोडून शेततळें घेतलें. शासनानें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढल्यापासून हा मार्ग आपल्या भागांत पुष्कळांस माहीत झाला आहे. वर ३० मीटर चौरस, तळाशीं २४ मीटर चौरस व ३ मीटर खोल अशा तळ्यांत सुमारें २२ लाख लिटर पाणी मावतें. एका हेक्टरास ५ सेंटिमीटरचें एक पाणी द्यावयाचें तर ५ लाख लिटर लागतात. उन्हानें उडणारें व मुरणारें वजा जातां, दोन हेक्टर हरभऱ्यास फुलोऱ्यापूर्वीं एक संरक्षित पाणी निश्चित मिळतें. खोदतांना खालचें खारें पाणी लागणार नाहीं, एवढी काळजी घेतली. मिळणारें पाणी थोडें आहे खरें, परंतु तें आभाळाचें आहे आणि शेतांत मीठ ठेवून जात नाहीं.

बंधूंनो, आपण बियाण्याची पिशवी चार वेळां उलटून पाहतों, पण जें पाणी जन्मभर जमिनींत ओतावयाचें, त्याची चिठ्ठी एकदांही पाहत नाहीं. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेलें आपलें कृषि विद्यापीठ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत माती व पाणी तपासण्याची सोय आहे. येत्या उन्हाळ्यांत, पाऊस पडण्यापूर्वीं, प्रत्येकानें आपल्या विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याची एक बाटली भरून तपासून घ्यावी व चिठ्ठी सातबाऱ्याच्या कागदांतच जपून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षीं ताडून पाहतां येईल. दोन बाटल्यांचा प्रयोग तर आजच रात्रीं करतां येण्याजोगा आहे.

आमच्या हौदांत सध्यां गप्पी माशांचीं पिलें झालीं आहेत आणि नातू पुन्हा आमच्याशीं बोलूं लागला आहे.